पायाला विंचू, फुप्फुसात पाणी

लाल विंचवाची नांगी बहुधा हाताच्या बोटाला नाहीतर तळपायाला लागते. माणूस दगावतो तो मात्र फुप्फुसात पाणी भरून. घाव एकीकडे आणि मरण दुसरीकडे, अशा या विषबाधेचा उलगडा व्हायला वेळ लागला. त्यातला मोठा भाग रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बिरवाडी, पोलादपूर आणि महाड या गावांत झाला. वैद्यकीय संशोधन म्हटले की अध्यापन रुग्णालय, प्रयोगशाळा, प्राध्यापकांची फौज डोळ्यांपुढे येते. इथे यातले काहीच नव्हते. रुग्ण मात्र रोज येत होते.

जांभ्या दगडाच्या फटी, सरपणाचा ढीग, कौलांखालची सांदट, रात्रभर अंगणात राहिलेली चप्पल ही लाल विंचवाची ठिकाणे. तो जेमतेम दोन-तीन इंचांचा असतो. कोकणात आढळणारा काळा, दांडग्या नांग्यांचा विंचू दिसायला कितीतरी भयंकर, पण त्याचे विष सौम्य. घाबरायला हवे ते लहानग्या लालाला.

लाल विंचवाच्या विषातली प्रथिने मज्जातंतूंच्या पेशींमधले सोडियमचे दरवाजे बंद होऊ देत नाहीत. संदेश सुटला की थांबायला हवा. तो थांबतच नाही. आधी उलट्या होतात, लाळ गळते, सदरा पिळून काढावा इतका घाम येतो, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा येतो. मग ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात उतरतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब भडकतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि पुढे न सरकलेले रक्त मागे फुप्फुसात तुंबते. हवेची देवाणघेवाण करणाऱ्या सुमारे ३० कोटी वायुकोशांच्या भिंती अतिशय पातळ असतात. तुंबलेल्या केशवाहिन्यांतून पाणी त्यांत झिरपू लागते. रुग्णाला कोरडा खोकला लागतो, आडवे पडवत नाही, आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस येतो. हे सारे काही वेळा अर्ध्या तासात घडते, काही वेळा पाच-सहा तासांनी.

दंशाच्या जागी असह्य वेदना असेल तर पुढे धोका बहुधा कमी असतो, आणि वेदना किरकोळ असताना घाम-उलट्या सुरू झाल्या तर तो जास्त, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे एक मोलाचे निरीक्षण. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला यश का येते, याचाही खुलासा त्यातच आहे. ठणका लागलेले बहुतेक रुग्ण मंत्राविनाही सकाळपर्यंत बरे व्हायचेच असतात. ज्याला फारसे दुखत नाही त्याचा विंचू लवकर उतरला असे समजून घरी धाडले जाते, आणि त्याची फुप्फुसे वाटेत भरू लागतात.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचूदंशावर गुंगीच्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टेरॉइड असे हाताला येईल ते दिले जाई. आधीच धावणाऱ्या हृदयाला ॲट्रोपिन आणखी पळवते. बावस्करांनी खाटेजवळ बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास आणि पायांचा गारवा टिपायला सुरुवात केली. धोक्याची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

दोष आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे हे कळल्यावर त्या सैल करणारे औषध शोधणे ओघानेच आले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले गेले. गुण येई, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे, बाटली उजेडापासून झाकायची आणि रक्तदाबावरची नजर क्षणभर हलवायची नाही. रात्री एक डॉक्टर आणि एक परिचारिका असलेल्या केंद्रात हे कोण करणार? उच्च रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी या अडचणीतून पुढे आली. तिचा अनुभव डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, आणि थांबायचे केव्हा तर हातपाय कोमट लागले की. उपचाराचे मोजमाप करायला डॉक्टरचा तळहात पुरतो. पथ्य एकच, पण कडक: गोळीनंतर रुग्णाला आडवेच ठेवायचे. रडणारे पोर आईने उचलून खांद्यावर घेतले तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो. या गोळीआधी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. पुढे हे प्रमाण एक ते चारच्या घरात आले.

गोळी विषाचे परिणाम रोखते, विष मारत नाही. ते काम प्रतिविषाचे. दोन्ही मिळून दिल्यास काय होते याची चाचणी महाडलाच झाली आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती प्रसिद्ध केली. ७० रुग्ण, दोन गटांत ३५-३५. दोन्ही औषधे मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, नुसते प्राझोसिन मिळालेले सुमारे १८ तासांत. अर्थात प्रतिविष लवकर दिले तर. हृदय थकल्यावर ते थकवा परत घेत नाही. विंचूदंशावरच्या या कामासाठी २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

फुप्फुसे भरलेल्या रुग्णाला मात्र मोठे रुग्णालय लागतेच. नाकातोंडावर मुखवटा बसवून दाबाने हवा देणारे यंत्र वायुकोश उघडे ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागतो. रक्तदाब घसरला तर हृदयाला डोब्युटामिनचा आधार देतात. रायगडात कामोठ्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून ही दोन्ही ठिकाणे काही तासांच्या वाटेवर आहेत. म्हणून पहिली गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात पोटात गेलेली असणे महत्त्वाचे. हा पल्ला गाठलेल्या रुग्णाच्या इको तपासणीत डावा कप्पा सुरुवातीला मंद हलताना दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांनी तोच कप्पा पूर्ववत आकुंचन पावू लागतो, आणि फुप्फुसातले पाणी त्याच्याही आधी ओसरलेले असते.