नदीच्या गाळातील जीवाणू व त्याचे वर्गीकरण

अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळा केलेला ‘जीएस-१५’ हा दंडाकृती जीवाणू ऑक्सिजनविरहित परिस्थितीत ॲसिटेटचे ऑक्सिडीकरण करतो व त्याच क्रियेत त्रिसंयुजी लोहाचे क्षपण घडवितो, हे १९८८ पर्यंत सिद्ध झाले होते. तथापि ‘जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसेन्स’ हे नाव त्यास १९९३ साली देण्यात आले. लोहक्षपण हे एकच लक्षण वर्गीकरणास पुरेसे नाही. कारण ‘शेवानेला’ प्रजातीतील जीवाणूही लोहाचे क्षपण करतात, परंतु त्यांचा वर्ग निराळा आहे. रायबोसोममधील १६एस आरएनएचा घटकक्रम ताडून पाहता जिओबॅक्टरचे निकटचे नाते गंधकाचे क्षपण करणाऱ्या ‘डिसल्फ्युरोमोनास’शी असल्याचे आढळले. सारांश, शरीरक्रियेवरून जीवाणूची उपजीविका कळते. त्याचे गोत्र मात्र वंशक्रमावरूनच निश्चित होते.