राखणदाराची गुणपत्रिका

आम्ही शिक्षक मुलांना गुण देतो, तसे जंगल राखणाऱ्यांनाही मिळतात. 2010 साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे चांदोली नि कोयना धरून सुमारे 1,165 चौरस किलोमीटर. थोडा आमच्या रत्नागिरीतही येतो. देशातल्या अशा प्रकल्पांची तपासणी 2006 पासून साधारण चार वर्षांनी होते. नियोजन, माणसे, पैसा, गावांशी नाते पाहून श्रेणी देतात.

गावांचाच पेपर अवघड. हजरत उमर (रजि.) यांनी 'हिमा'वर, म्हणजे राखीव कुरणावर, राखणदार नेमला तेव्हा बजावले होते: मोजकी उंटे-मेंढरे असलेल्यांना आत येऊ दे, श्रीमंतांचे कळप नकोत. चांदोलीला गुण देताना आम्ही आधी विचारू, उठवलेल्या गावकऱ्याच्या हाती सातबारा पडला का?