कार्डावरचा बारीक आकडा

कोऱ्या एसडी कार्डाचं वजन साधारण २ ग्रॅम भरतं. त्यात दोन हजार फोटो भरा आणि पुन्हा तोला, कुठल्याही तराजूला फरक कळणार नाही. कारण बाहेरून आत काहीच शिरलेलं नसतं. सिलिकॉनमध्ये आधीपासून असलेल्या इलेक्ट्रॉनांनी फक्त जागा बदललेली असते. ही जागा बदलण्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. ती एकदा समजली की दुकानात कार्डावरचा कुठला आकडा वाचायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, तेही उमगतं.

चित्र टिपणं आणि चित्र साठवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याने अभियंत्यांना बराच काळ छळलं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात फोटो साठवायला होती चक्क टेपरेकॉर्डरची कॅसेट. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा एक कृष्णधवल फोटो तिच्यावर उतरायला २३ सेकंद लागत. १९८८ साली फुजीने मेमरी कार्डाचा कॅमेरा दाखवला, पण त्या कार्डातली स्मृती टिकवायला बॅटरी लागे. बॅटरी संपली की फोटोही गेले. १९९७ साली सोनीच्या माविका कॅमेऱ्यात तर आपली नेहमीची १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी सरकवावी लागे.

वीज नसतानाही आठवण शाबूत ठेवायची कल्पना मात्र जुनी. बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी ती १९६७ साली मांडली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ आणि १९८७ साली तिला आजच्या फ्लॅश मेमरीचं रूप दिलं. (आपल्या शोधाचा मोबदला मिळवायला मासुओकांना पुढे तोशिबाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगभरातल्या कार्डांच्या धंद्यापुढे ही रक्कम किरकोळच.)

आता त्या कार्डाच्या पोटात डोकावू. चोहोबाजूंनी शेणामातीने लिंपलेली कणगी डोळ्यांसमोर आणा, जिला ना दार ना झाकण. कार्डात अशा अब्जावधी कणग्या असतात. लिंपण असतं विजेला वाट न देणाऱ्या पदार्थाचं, काही नॅनोमीटर जाडीचं, आणि आत धान्याच्या जागी इलेक्ट्रॉन. दार नाही तर इलेक्ट्रॉन आत शिरतात कसे? भिंतीतून! भिंत न फोडता, तिला भोकही न पाडता. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. भिंत पुरेशी पातळ असेल आणि विजेचा दाब पुरेसा असेल, तर इलेक्ट्रॉन या बाजूला होता तो त्या बाजूला सापडतो. हा दाब लागतो सुमारे २० व्होल्टचा. कॅमेरा कार्डाला देतो जेमतेम ३.३ व्होल्ट. उरलेला दाब नखाएवढी चिप स्वतःच चढवते. दाब काढून घेतला की इलेक्ट्रॉन आत अडकतात, आणि कार्ड खिशात टाकून गावभर हिंडलात तरी तिथेच बसून राहतात.

सुरुवातीला एका कणगीत एकच गोष्ट नोंदवत: भरलेली की रिकामी. आज एकीत आठ पातळ्या ओळखतात, काही चिपांत सोळा. शिवाय या कणग्या एकमेकींवर दोनशेहून अधिक थरांत रचल्या जातात. पण पातळ्या वाढल्या तशी त्यांतली तफावतही बारीक झाली. म्हणून भरताना चिप घाई करत नाही. थोडे इलेक्ट्रॉन ढकलायचे, पातळी तपासायची, पुन्हा थोडे ढकलायचे. वाचताना यातलं काहीच करावं लागत नाही, नुसती पातळी पाहिली की झालं. लिहिणं हे वाचण्यापेक्षा कितीतरी पट वेळखाऊ आहे, ते यामुळे.

इथे दुकानाचा संबंध येतो. कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० मेगाबाइटचा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो, तोही जास्तीत जास्त वेगाचा. अशी कार्डं बहुधा यूएचएस-वन पद्धतीची असतात आणि त्या पद्धतीची मूळ मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट. त्यापुढचा वेग कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो, कॅमेऱ्यात नाही. कॅमेऱ्याला तर मुख्यतः लिहायचंच असतं. त्याच्या कामाचा आकडा कोपऱ्यात बारीक छापलेला असतो: इंग्रजी व्ही आणि पुढे ६, १०, ३०, ६० किंवा ९०. व्ही३० म्हणजे व्हिडिओ चालू असताना हे कार्ड सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहीत राहील. ठळक आकडा बढाई मारतो, हा बारीक आकडा हमी देतो. कार्डावर ए१, ए२ असंही लिहिलेलं दिसतं. ते मोबाइलमधल्या ॲपसाठी असतं, कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

मग व्ही९० घ्यावं का? आधी एक भागाकार करा. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये असतो, कार्डावर मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटचा असेल तर आठाने भागून येतात साडेबारा मेगाबाइट, म्हणजे व्ही३० कार्ड निवांत पुरतं. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट होतात, तिथे व्ही६० हवं. एवढ्या एका भागाकाराने काही हजार रुपये वाचू शकतात.

धडाधड फोटो काढणाऱ्यांची गोष्ट निराळी. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा बटण दाबून धरलेलं असतं. २४ मेगापिक्सलचा न दाबलेला १४ बिटांचा रॉ फोटो सुमारे ४२ मेगाबाइटचा होतो. असे सेकंदाला दहा म्हणजे ४२० मेगाबाइट! साधं कार्ड हा लोंढा पेलू शकत नाही, म्हणून फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, जमतात आणि बफर भरला की कॅमेरा अडखळतो. अशांनी यूएचएस-टू कार्ड जरूर घ्यावं. त्याच्या मागे सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ असते. मात्र कॅमेऱ्याच्या खाचेतही तशी दुसरी ओळ असली तरच उपयोग, नाहीतर पैसे पाण्यात.

आणखी एक गंमत. कार्डाच्या कडेचं कुलुपाचं बटण आतल्या चिपला जोडलेलंच नसतं. ते सरकवलं हे कार्डाला कळतही नाही. कॅमेरा किंवा रीडर ते बघतो आणि शहाण्यासारखा लिहायचं थांबतो.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, असं जाणकार सांगतात. एकेक फोटो पुसत बसलं की आतली फायलींची यादी विस्कटत जाते. याचा फटका थेट मंगळावर बसला होता. जानेवारी २००४ मध्ये नासाची स्पिरिट गाडी तिथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत गप्प झाली. तिच्या फ्लॅश मेमरीत फायली इतक्या साठल्या होत्या की यादी वाचता वाचता संगणक कोलमडायचा आणि पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा. अभियंत्यांनी कोट्यवधी किलोमीटरवरून तिला फ्लॅशविना जागं केलं आणि पुढे मेमरी फॉरमॅट केली. त्यानंतर ती २०१० पर्यंत बोलत होती.

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ किंवा १२८ जीबीची दोन बरी. लग्नाचं काम घेणाऱ्याने तर कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्हींत एकाच वेळी फोटो उतरवावेत, कारण सप्तपदी पुन्हा घडत नाही. ६४ जीबीचं कार्ड संगणकाला ५९.६ दिसलं तर घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने. पण एक टीबीचं कार्ड चहा-वड्याच्या भावात मिळत असेल तर ते नक्की नकली. त्याची चिप खोटं बोलते. खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर चढतात किंवा कुठेच जात नाहीत. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. नवं कार्ड आणलं की पहिल्या दिवशीच ही परीक्षा घ्या.

आणि फोटो काढून झाले की ते लगेच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कार्डातून इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात, आणि उकाड्यात जास्तच.