उतारावरची नगरं : देवगिरीचा पायथा

गेल्या आठवड्यात आपण लिस्बनच्या आल्फामा भागात फिरलो. साओ जॉर्जच्या किल्ल्याखाली, तेजो नदीकडे उतरत गेलेली ती वस्ती १७५५ च्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचली आणि आजही नांदती आहे. तो लेख लिहिताना डोळ्यांपुढे सारखा देवगिरी येत होता. वर किल्ला, खाली उतारावर गाव, गावाभोवती तट, ही मांडणी तीच. फरक एवढाच की आल्फामात लोक राहिले आणि देवगिरीच्या पायथ्यावरून उठून गेले.

वाळूजहून साजापूर-करोडीच्या अंगाने शरणापूर फाटा गाठला की दौलताबाद फार लांब नाही. कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीला किंवा गावाकडून पाहुणे आले की आपण सगळे तिथे जातो. तिकीट काढतो, तोफांपाशी फोटो काढतो आणि सरळ वर निघतो. खंदकावरचा पूल, अंधेरी, गणपती, बारादरी, माथा. दमून खाली येतो, मोसम असेल तर सीताफळं घेतो आणि वेरूळकडे निघतो. माझं म्हणणं असं की या फेरीत आपण किल्ला पाहतो आणि नगर तसंच सोडून येतो. देवगिरीचा इतिहास बहुतांशी खाली घडला. गड कोणी लढून चढला नाही. तो दर वेळी पायथ्याला गमावला गेला. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी जागा नीट समजून घेऊ.

देवगिरीला तीन कोट आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्याचं नाव मलिक अंबरशी जोडलेलं आहे. त्याच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत, डोंगराला लागून, काळाकोट. काळाकोटाच्या पुढे खंदक आणि तासून उभा केलेला कडा. आपण तिकीट काढून ज्या दरवाजांतून आत शिरतो ते महाकोटाचे. म्हणजे तिकीट काढण्याआधीच आपण एका शहराच्या तटातून आत आलेलो असतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. आजचं दौलताबाद गाव, आजूबाजूची शेतं, सीताफळीची बनं हे सारं त्या बाहेरच्या कोटाच्या पोटात आहे. खुलताबादकडे घाट चढण्याआधी डांबरी रस्ता ज्या अरुंद दरवाजातून जातो, जिथे समोरून ट्रक आला की एसटी थांबून राहते आणि मागे गाड्यांची रांग लागते, तो दिल्ली दरवाजा याच तटाचा. वाहतूक कोंडीत अडकलेल्या माणसाने वैतागण्याऐवजी काच खाली करून बाजूच्या भिंतीकडे पाहावं. आपण चौदाव्या-सतराव्या शतकांच्या शहराच्या वेशीत उभे असतो.

हे शहर तुघलकाने वसवलं असं आपल्याला शाळेत शिकवलं जातं. ते अर्धंच खरं. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली, तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याला वस्ती होती. हेमाद्री पंडित ज्या दरबारात होते तो हाच. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणायचं ठरवलं आणि देवगिरीचं दौलताबाद केलं, तेव्हा इथे बाजारपेठ होती, मंदिरं होती, १३१८ मध्ये मुबारक खिलजीच्या काळात बांधलेली जामा मशीदही होती. तुघलकाने या जुन्या गावाला लागून एक आखीव शहर उभारायला घेतलं.

त्या आराखड्याचं वर्णन अल-उमरी या अरबी लेखकाने केलं आहे. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही; इथून जाऊन आलेल्या माणसांकडून ऐकून त्याने लिहिलं. तो सांगतो की सुलतानाने प्रत्येक वर्गाच्या लोकांसाठी वेगळा मोहल्ला आखला होता. सैनिकांचा एक, वजिरांचा एक, कारकुनांचा, काझी आणि विद्वानांचा, फकिरांचा, व्यापारी आणि कारागिरांचा. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमाम, दळणाच्या चक्क्या, भट्ट्या, म्हणजे एका मोहल्ल्यातल्या माणसाला गरजेसाठी दुसरीकडे जावंच लागू नये. सांगणारा निघाला तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं, असंही तो नोंदवतो.

वाळूजकरांना हे शहर समजायला अवघड जाऊ नये. १९८० च्या दशकात इथे एमआयडीसी आली, कारखाने आले आणि बीड, जालना, बुलढाण्यापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसं बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीत येऊन राहिली. कुणाच्या तरी निर्णयाने एक जागा ठरते, लोक येतात, आणि मग ते स्वतःच्या हाताने तिथे जगणं उभं करतात. तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून आलेल्यांनाही तेच करावं लागलं. तेव्हा दिल्लीत कुत्रंमांजरही उरलं नाही असं सांगतात, पण अभ्यासकांचं मत बहुतेक असं की मुख्यतः दरबारी, उमराव, विद्वान, सूफी आणि त्यांच्यावर पोट असणारी माणसं हलवली गेली. हाल झाले हे मात्र खरं. काही वर्षांत सुलतान स्वतःच परत फिरला. आलेल्यांतले बरेच राहिले. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब राहिले. अमीर खुसरोचा मित्र, कवी अमीर हसन सिजझी राहिला. दोघांच्या कबरी वर खुलताबादेत आहेत. वाटेतल्या कागजीपुऱ्यात आजही हाताने कागद तयार होतो, आणि त्या कारागिरांची परंपरा याच स्थलांतराशी जोडली जाते.

इब्न बतूता १३४२ च्या सुमारास इथे येऊन गेला, तेव्हा राजधानीचा थाट ओसरला होता तरी शहर भरलेलं होतं. तो शहराचे तीन भाग सांगतो: दौलताबाद, कटक आणि वरचा दुवैगीर किल्ला. सुलतानाचा गुरू कुतलुघ खान तेव्हा इथला कारभार पाहत होता. बतूताने इथल्या मराठ्यांविषयी लिहिलं, जवाहिरांचा व्यापार करणाऱ्या श्रीमंत हिंदू सावकारांविषयी लिहिलं, वर्षातून दोनदा येणाऱ्या द्राक्षं-डाळिंबांविषयी लिहिलं. पण तो खरा रमला गाणाऱ्यांच्या बाजारात. त्याचं नाव तरबाबाद. पुष्कळ दुकानं, प्रत्येक दुकानातून मालकाच्या घरात उघडणारं दार, सजवलेल्या बैठका, आणि बाजाराच्या मधोमध एक मोठा घुमट, जिथे गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गाणाऱ्यांचा प्रमुख येऊन बसे आणि गायिका एकामागून एक येऊन गात. बाजारात मशिदीही होत्या आणि रमजानात तिथे नमाज होई. हा तरबाबाद नेमका कुठल्या शेताखाली आहे ते आज कुणी बोट ठेवून दाखवू शकत नाही. पण गडाच्या पायथ्याला मराठवाड्यातली एवढी मोठी गाण्याची पेठ होती, हे या भागातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता महाकोटाच्या आत येऊ. पहिल्या दरवाजातून शिरताना घाई करू नका. एकामागून एक दरवाजे आहेत, त्यांच्यामध्ये उंच भिंतींनी वेढलेले चौक आहेत आणि वाट सरळ कधीच जात नाही. दारांवर हत्तींची धडक रोखण्यासाठी लोखंडी खिळे बसवले आहेत. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू अशा चौकात सापडे आणि चारही बाजूंनी वरून मारा होई. शहराचं रक्षण इथे होतं, म्हणून सगळी करामत इथे ओतली आहे.

पुढे मुख्य वाटेच्या दोन्ही अंगांना जे चौथरे, जोती आणि पडक्या भिंती दिसतात, तेच नगर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने झाडोरा आणि माती काढून त्यातला काही भाग मोकळा केला आहे. बहुतेक लोक त्याकडे वळून पाहत नाहीत, कारण नजर चाँद मिनाराकडे असते. शाही हमामात मात्र जरूर शिरा. जाड भिंतींच्या, घुमटांच्या खोल्या एकातून एकीत उघडतात. भिंतींच्या कडेला भाजलेल्या मातीच्या नळांचे तुकडे दिसतात, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवून चुन्याने सांधलेले. असल्याच खापरी नळांनी पाठीमागच्या डोंगरांतलं पाणी उताराने नगरात आणलं होतं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पाण्याचा अर्थ काय ते आपल्याला सांगायला नको. जवळच सरस्वती बारव आहे आणि थोड्या अंतरावर हत्ती हौद. त्या हौदाच्या काठावर उभं राहून आतल्या पायऱ्या बघितल्या की किती माणसांची तहान धरून तो बांधला असेल याचा अंदाज येतो. वरच्या गडावरही टाकी आहेत, पण ती शिबंदीपुरती. हौद आहे तो गावासाठी.

हौदापलीकडे ती जुनी जामा मशीद. तिचे शंभराहून अधिक खांब आधीच्या मंदिरांचे आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. समोर १४४५ च्या सुमारास बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीनच्या काळात बांधलेला चाँद मिनार. यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, मराठे, निजाम, सगळ्यांच्या खुणा पाव तासाच्या चालीत आहेत.

या पायथ्याची सगळ्यांत जवळची आठवण मात्र मराठी माणसाच्या घरातली आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीत जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. चाळीसगावचे देशपांडे, दत्तभक्त, हातात तलवार आणि कारभार दोन्ही. पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला आणि त्यांनी त्याला हिशेबाच्या कामाला लावलं. एका पैची चूक शोधत रात्रभर दप्तर उलटणारा आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवणारा एकनाथ ही कथा कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ‘पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर जन्माची चूक सापडल्यावर केवढा होईल,’ अशा अर्थाचं स्वामी बोलले म्हणतात. ती कचेरी, ते दप्तर, ती समई ही गडाच्या खालच्या गजबजलेल्या भागातली असणार, असं मी इथे चालताना नेहमी धरून चालतो. किल्ल्याचा जमाखर्च येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवरच होतो. जनार्दनस्वामींची समाधी गडावर आहे आणि नाथांनी जिथे तप केलं ते शूलिभंजन खुलताबादजवळ.

सुरुवातीला म्हटलं की गड पायथ्याला गमावला गेला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला तेव्हा यादवांची फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती आणि नगराभोवती आजच्यासारखे भक्कम कोट नव्हते. खालचं गाव लुटलं गेलं, यादव राजा रामचंद्रदेव गडावर गेला. फिरिश्ता लिहितो की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेल्या गोण्या धान्य समजून घाईने वर चढवल्या आणि उघडल्या तर मीठ निघालं. कथा असो वा घटना, तिचा गाभा खरा आहे: वरचा कडा कितीही उभा असला तरी धान्य खालूनच येतं. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबत खानाने वेढा घातला तेव्हाही तेच झालं. सुरुंगाने आधी अंबरकोट फुटला, मग महाकोट, मग आतला. गडावर उपासमार सुरू झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला दिला. कडा चढण्याची वेळच आली नाही. अंधेरीतल्या ज्या वळणांपाशी वाटाडे आपल्याला थरारक गोष्टी सांगतात, तिथे पोचण्याआधी निकाल लागलेला असे.

मग नगर ओस का पडलं? एका दिवसात पडलं नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये पलीकडच्या मैदानात खडकी वसवली, तिला नहर खोदून पाणी दिलं. तीच पुढे औरंगाबाद झाली, आता छत्रपती संभाजीनगर. मैदानात वाढायला जागा होती, बैलगाड्यांना आणि फौजांना सरळ रस्ते होते, आणि तोफांच्या जमान्यात उंचीचा आडोसा पूर्वीइतका कामाचा राहिला नव्हता. बाजार गेला, बाजारामागे कारागीर गेले. दौलताबादला उरली शिबंदी आणि तुरुंग. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह चिनी महालात कैदेत राहिला आणि त्या कैदेतच वारला. त्या महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून टिकून आहेत. नखाने खरवडून पाहणाऱ्यांना थांबवण्याचं काम आपलंच.

आल्फामा टिकला, कारण लिस्बनचं बंदर त्याच्या पायाशीच राहिलं. इथलं बंदर, म्हणजे बाजार, उठून गेला.

जाणार असाल तर सकाळी दरवाजा उघडतानाच जा आणि पहिले दोन तास महाकोटाबाहेर काढू नका. आधी दरवाजे, मग हमाम, बारव, हत्ती हौद, मशीद, चिनी महाल आणि त्यामागच्या बुरुजावरची मेंढ्याच्या तोंडाची तोफ. पाय उरले तर वर जा. उन्हाळ्यात वाळल्या गवताच्या आसपास विडी-सिगारेट पेटवू नका. एप्रिल २०२५ मध्ये गडावर लागलेली आग आपण लांबून पाहिली आहे. परतताना दिल्ली दरवाजापर्यंत पायी गेलात तर अंबरकोटाचा तट शेतांमधून डोंगराकडे कसा वळत जातो ते दिसेल. तेवढ्या तटाच्या आत आज ज्वारी आणि तूर उभी असते.

पुढच्या आठवड्यात गोव्यात जाऊ, पणजीच्या आल्तिन्यो टेकडीखालच्या फोंतैन्यस वस्तीत.