माइल्ड कस्टम : जुन्या शेव्हरोलेच्या कामाची सुरुवात

माइल्ड कस्टम म्हणजे जुन्या अमेरिकन मोटारीचे छत आणि मूळ बांधणी न कापता तिचे रूप घडवण्याची पद्धत. गाडी दोन-तीन इंच खाली बसवायची, बॉनेट आणि डिकीवरची चिन्हे काढून त्यांची भोके बुजवायची, क्रोमच्या काही पट्ट्या उतरवायच्या, जमल्यास जाळी किंवा मागचे दिवे दुसऱ्या मॉडेलचे लावायचे आणि वर एकच गहिरा रंग द्यायचा, एवढाच तिचा पसारा असतो. छत कापून खाली आणले, मडगार्ड लांबवले की गाडी ‘रॅडिकल’ कस्टम ठरते. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत या दोन्हींचे वर्ग वेगळे असतात.

या कलेचा जन्म कॅलिफोर्नियातला. सॅक्रामेंटोत हॅरी वेस्टरगार्ड याने दुसऱ्या महायुद्धाआधीच रस्त्यावरच्या साध्या गाड्यांना नवे रूप द्यायला सुरुवात केली होती. त्याच्याकडे हात बसवलेला जॉर्ज बॅरिस पुढे लॉस एंजेलिस परिसरात आला आणि नंतर भाऊ सॅमही त्याला येऊन मिळाला. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये गिल आणि अल आयाला या भावांचे गॅरेज नावाजले गेले. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसनचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि गल्लीतली ही कारागिरी देशभर पोहोचली. बॅरिस बंधूंनी घडवलेली १९५१ ची ‘हिरोहाता मर्क’ ही मर्क्युरी तिची सर्वांत प्रसिद्ध खूण. जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिच्यावर साडेएकोणीस लाख डॉलरची बोली लागली. मात्र ती रॅडिकल जातीची. पगारातून पैसे बाजूला काढून सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या तरुणांची गाडी माइल्डच असायची, आणि आज नव्याने हात घालणाऱ्यालाही तीच झेपते.

सुरुवातीला १९४९ ते १९५२ या काळातल्या शेव्हरोलेइतकी सोयीची गाडी दुसरी क्वचितच असेल. युद्धानंतर शेव्हरोलेने आणलेली ही पहिली पूर्णपणे नवी घडण. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याच्या विभागाने तिला गोलाई दिली. चाकांमधले अंतर ११५ इंच, समोरची काच दोन तुकड्यांची. डिकी स्वतंत्र उठून दिसणारी ‘स्टाइललाइन’, छतापासून मागच्या बंपरपर्यंत एकाच उतारात घसरणारी ‘फ्लीटलाइन’ आणि १९५० पासून मधला खांब नसलेली ‘बेल एअर’ असे तिचे प्रकार. १९५० च्या एकाच मॉडेलवर्षात शेव्हरोलेने सुमारे पंधरा लाख मोटारी काढल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि चारही वर्षांचे बरेच भाग एकमेकांना चालतात. पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत याच गाड्यांवर लोरायडरची, म्हणजे जमिनीलगत बसवलेल्या गाड्यांची परंपरा वाढली. तिथे त्यांना लाडाने ‘बॉम्ब’ म्हणतात.

महाराष्ट्राचेही या गाडीशी नाते आहे. जनरल मोटर्सचा मुंबईतल्या शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये कंपनीने भारतातला गाशा गुंडाळेपर्यंत चालला. पण अशी गाडी इथे हाती आली, तर कस्टमचा विचार करण्याआधी कायदा पाहायला हवा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी, ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला ती मिळत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना आडवे येते. म्हणून भारतातल्या अस्सल, पूर्ण गाडीला हात न लावता ती मूळ रूपात राखणेच शहाणपणाचे आणि न्यायाचेही. कस्टमची खरी भूमी अमेरिकाच. तिथेही खरेदीआधी कागद पाहावेच लागतात. त्या काळी काही राज्यांत गाडीची मालकी इंजिन क्रमांकावर नोंदवली जाई. मधल्या काळात इंजिन बदललेले असेल, तर कागदावरचा क्रमांक आणि गाडीवरचा क्रमांक जुळत नाही आणि नोंदणीच अडते.

गाडी निवडताना रंग आणि क्रोम यांना भुलू नये. पाहायचा तो पत्रा, आणि तोही खालून. दारांखालचे उंबरे, चालकाच्या पायाखालची जमीन, डिकीत स्टेपनी ठेवायची जागा आणि मडगार्डांची खालची टोके ही गंजाची ठरलेली घरे. फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवला, की आत किती लांबी (पुट्टी) भरली आहे ते कळते. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा उरलेला नसण्याची शक्यता मोठी. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, हेही तपासावे. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर उंबरे गंजून बॉडी खचलेली असू शकते. इंजिन बंद असलेली पण पत्र्याने निरोगी गाडी ही चालू पण सडलेल्या गाडीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते, कारण इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, सडलेला पत्रा मात्र इंचाइंचाने बदलावा लागतो.

गाडी अंगणात आली की नवशिक्याचा पहिला मोह तिचा प्रत्येक बोल्ट सोडवण्याचा. हा मोह टाळायलाच हवा. अर्धवट सोडलेल्या कितीतरी प्रकल्पांचा शेवट खोक्यांत भरलेल्या गाडीत होतो, आणि ती खोकी पुढे कुणालाच लावता येत नाहीत. आधी गाडी सुरक्षितपणे चालती आणि थांबती करावी, मग एकेका भागाला हात घालावा. जो भाग निघेल त्याचा निघण्याआधी फोटो, त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. दोन वर्षांनी तोच भाग परत बसवताना ही चिठ्ठीच वाट दाखवते.

चालण्याआधी थांबण्याचे पाहावे. या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. म्हणजे चारही चाकांना एकच तेलमार्ग. एक जुना रबरी पाइप फुटला तरी पेडल थेट जमिनीला टेकते. त्यामुळे रबरी पाइप, चाकांमधले सिलिंडर, लायनर आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या एका फटक्यात बदलाव्यात, त्यात काटकसर नको. बरेच लोक याच वेळी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि जीव वाचतो. माइल्ड कस्टममध्ये हा सर्वांत मोलाचा बदल. सीटबेल्टही तेव्हा नव्हते. ते जमिनीखाली जाड पत्र्याचा आधार देऊन बसवावेत.

इंजिनाचे काम त्यानंतर. १९५२ पर्यंत हातगिअरच्या शेव्हरोलेत २१६ घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटलचे ओतीव बेअरिंग असते आणि त्याला तेल दाबाने मिळत नाही. रॉडच्या टोकाची लहान पळी तेलात बुडून किंवा तेलाच्या धारेला भिडून ते उचलते. म्हणूनच मीटरवर तेलाचा दाब कमी दिसला तरी या इंजिनात तो रोग नसतो. खरी भीती वेगळीच. अनेक वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात तळाशी काळा गाळ साचतो. त्या गाळाने तेलाच्या बारीक तोट्या बुजल्या तर बेअरिंग मिनिटांत वितळते. म्हणून स्टार्टर मारण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, इंजिन हाताने फिरवून पाहावे आणि तळाची परात उतरवून गाळ खरवडून काढावा. जुन्या टाकीतले पेट्रोल तर वापरूच नये. इंजिन अगदीच गेले असेल तर १९५४ चे, सगळ्या बेअरिंगना दाबाने तेल देणारे २३५ घनइंची इंजिन हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचित उपाय. तेही शेव्हरोलेचेच, त्याच वंशातले, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर काही उपरे वाटत नाही.

वायरिंगच्या बाबतीत घाई होते. गाडी सहा व्होल्टची आहे म्हणून स्टार्टर रडतो असे समजून लोक लगेच बारा व्होल्टकडे वळतात. मुळात व्होल्ट निम्मे असले की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि दुप्पट करंटला जाड केबल लागते. बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल सहा व्होल्टच्या बॅटरीला लावली की स्टार्टर रडणारच. जाड केबल, घासून चकचकीत केलेले अर्थिंग आणि कापडी आवरणाच्या ठिसूळ वायरींच्या जागी नवी वायरिंग एवढे केले, तर जुनी यंत्रणा चोख चालते. रेडिओ, एअर कंडिशनर वगैरे जोडायचे असेल तरच बारा व्होल्टचा खटाटोप करावा.

आता उंची. माइल्ड कस्टमचे निम्मे रूप गाडी जमिनीलगत कशी बसते यावर ठरते. पन्नासच्या दशकातली खास ढब म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित खाली. मागे अॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून उंची उतरवतात, पुढे आखूड स्प्रिंग बसवतात. पुढची स्प्रिंग गॅसने तापवून बसवण्याची जुनी युक्ती मात्र वाईट. तापलेल्या पोलादाचा कस जातो, स्प्रिंग असमान बसते आणि पुढे तुटू शकते. दोन-तीन इंचांपलीकडे गेल्यास मागचा अॅक्सल खड्ड्यात चासीवर आपटतो, आणि चासीला खालून अर्धगोल खाच घेऊन तिला पट्टीचा आधार द्यावा लागतो. या शेव्हरोलेत प्रोपेलर शाफ्ट एका जाड बंद नळीत असतो. गाडी खाली गेली की ती नळीही जमिनीच्या बोगद्याला घासू शकते. म्हणून आधी मोजणी, मग ठोकळा. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायदाच केला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येऊ नये. टायर पंक्चर झाला तरी गाडीचे पोट रस्त्याला घासू नये, हे त्यामागचे तर्कशास्त्र आजही खरे आहे.

बॉडीचे पहिले काम बॉनेटचे. चिन्ह आणि नाकावरचा दागिना काढला की त्यांच्या पिनांची लहान भोके उरतात. त्यांवर नुसती लांबी थापली तर वर्षभरात तिथे गोल खूण उमटते, कारण थरथरीने लांबी सुटते. योग्य रीत अशी : भोकाच्या मापाची पत्र्याची चकती कापायची, कडा घासून ती अगदी समपातळीत बसवायची आणि एकेक ठिपका वेल्ड करायचा. एक ठिपका झाला की पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचे, मग समोरच्या बाजूचा ठिपका. सलग वेल्ड ओढला तर सुमारे मिलिमीटरभर जाडीचा तो पत्रा आकसतो, आजूबाजूला लाटा उठतात आणि त्या काढण्यात आठवडा जातो. वेल्ड घासल्यावर हातोडी आणि खालून डॉली धरून जागा ठोकून सपाट करतात.

उरलेला खोलगटपणा जुने कारागीर शिशाने भरत. या गाड्यांना ‘लेड स्लेड’ म्हणतात ते त्यामुळेच. सत्तर टक्के शिसे आणि तीस टक्के कथील अशा मिश्रणाची कांडी वापरतात. ती साधारण १८३ अंश सेल्सियसला मऊ व्हायला लागते आणि अडीचशेच्या पुढे गेल्यावरच पाण्यासारखी पातळ होते. या मधल्या टप्प्यात ती लोण्यासारखी असते आणि चरबी लावलेल्या लाकडी थापीने हवी तशी पसरवता येते. त्याआधी पत्र्याला कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, म्हणजे आपली कल्हईच. कल्हई न धरलेल्या जागी शिसे चिकटत नाही. कल्हईसाठी वापरलेले आम्ल नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले नाही, तर काही महिन्यांनी नव्या रंगाला फोड येतात. शिसे सँडरने कधीही घासू नये. त्याची धूळ विषारी असते. खरखरीत कानशीने ते तासावे, कीस गोळा करावा आणि मास्क काढू नये. आजची चांगली लांबीही पातळ थरात टिकते, पण भोके आणि सांधे मात्र धातूनेच भरावेत.

किती काढायचे आणि काय लावायचे, हा खरा कसोटीचा भाग. बॉनेट आणि डिकी साफ केली, हेडलाइटच्या कड्या मडगार्डात सांधून एकजीव केल्या, मागची चाके झाकणारे स्कर्ट चढवले आणि दाराजवळ अॅपलटनचे स्पॉटलाइट लावले, तरी पुरेसे होते. जाळीत जादा दात बसवण्याची पद्धत या गाडीला शोभते. १९५३ च्या शेव्हरोलेच्या जाळीत तीन दात असत आणि १९५४ च्या जाळीत पाच, तेच दात जमवून कारागीर रांग वाढवत. डीसोटोचे दात घेणारेही पुष्कळ होते. पण जाळी, दिवे, बंपर, पट्ट्या असे सगळेच एकदम बदलले की गाडी कोणाची हेच ओळखू येत नाही. बाजूची क्रोमची मूळ लांब पट्टी बहुधा राहू द्यावी. तिच्यामुळेच अंगाची लांबी डोळ्यात भरते. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, कारण पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटू शकते.

रंगाआधी गाडी साध्या प्रायमरमध्ये काही महिने चालवण्याची प्रथा तेव्हा पैशांअभावी पडली होती, तरी तिचा फायदा आहे. वेल्ड बसतात, करकरणारे सांधे कळतात आणि चुका रंगाखाली दडत नाहीत. मात्र बहुतेक प्रायमर पाणी शोषतात, म्हणून गाडी पावसात ठेवू नये किंवा ओल न शोषणारे इपॉक्सी प्रायमर मारावे. नंतर गहिरा मरून, बाटलीहिरवा किंवा काळा, आणि ओला पेपर मारून पॉलिश. आत उभ्या फुगीर पट्ट्यांची शिवण घातलेल्या रेक्झीनच्या सीट. चाकांना रुंद पांढऱ्या पट्टीचे टायर आणि कॅडिलॅक किंवा ओल्ड्समोबिल फिएस्टाच्या टोप्या. सीट, स्टेपनी आणि बंपर परत बसून गाडीचे पूर्ण वजन स्प्रिंगांवर आले, की मगच चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी आणि पहिल्या शंभर मैलांनंतर ठोकळ्यांचे, चाकांचे आणि स्टिअरिंगचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.