दहातलं एक

ससा एरवी मुका प्राणी. जीव जायची वेळ आली की मात्र ओरडतो, आणि ते ओरडणं थेट तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं असतं. डेन्व्हरला एका मित्राच्या गाडीत ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागच्या सीटवर कुणाचं मूल आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागे नुसता स्पीकर होता. या आवाजावर कायोटी येतात म्हणे. तेच बघायला फेब्रुवारीत वायोमिंगला गेलो.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी चुलतभाऊ, अंगाने जरा थोराड. वायोमिंगमध्ये त्याला मारायला परवाना लागत नाही, हंगामाचं बंधन नाही. मुलूख मेंढ्यांचा. आमचा शिकारीही मेंढरांच्या घरातलाच, साठीचा, मोजकं बोलणारा. त्याचा हिशोब एवढाच: दहा ठिकाणी बसावं, एका ठिकाणी येतो.

पहाटे उणे १५. पायाखाली सेजब्रशचं झुडूप चुरडलं आणि मी थबकलो. दवणा! चैत्रात देव्हाऱ्यात येतो तोच वास. नंतर पाहिलं तर दोन्ही आर्टेमिसियाच निघाले. दिवसभर त्या वासाने मला शिकारीत नीट रमू दिलं नाही.

गाडी टेकाडाआड ठेवली, दार न आपटता. स्पीकर चाळीस पावलांवर. शेजारी डिकॉय: मोटरवरच्या तारेला लावलेली, गरगर फिरणारी केसाळ शेपटी. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात शोभली असती. पण नजर तिकडे गुंतली की बंदुकीकडे जात नाही. खरी गोम वाऱ्याची. कायोटी सरळ धावून येत नाही. वळसा घालून वाऱ्याखाली जातो, वास घेतो. कानांनी ऐकलं ते नाकाने पडताळल्याशिवाय त्याला चैन नाही. शिकारी बसतो तो नेमका त्या वळशावर डोळा ठेवून. म्हणजे जनावर मरतं ते भोळेपणाने नव्हे, सावधपणाने. हे मला अजून पचलेलं नाही.

लहानपणी वाशीमकडे फासेपारधी पाहिले होते. पाळलेला तितर, तोंडाने हुबेहूब काढलेली हाक, गवतात मांडलेले फासे. विद्या तीच. त्यांच्या कपाळी इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तितर धरणंही गुन्हा झालं. इथे अमेरिकेचं कृषी खातं याच कामाला पगारी माणसं ठेवतं. वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी ते खातं मारतं, बरेचसे विमानातून. तरी कायोटी आटोक्यात नाही; गेल्या शतकभरात पसरत पार न्यूयॉर्क शहरात पोचला. मग उपयोग काय, असं मी विचारलं.

"माझ्या कोकरांपुरतं बोल," शिकारी म्हणाला.

पहिल्या तीन जागा कोरड्या गेल्या. पंधरा-वीस मिनिटं बसायचं, उठायचं, पुढे जायचं. "दहातलं एक," तो पुटपुटला, मला की स्वतःला कोण जाणे.

चौथ्या जागी लांबवर एक करडा ठिपका हलला. शिकाऱ्याने रिमोटने सशाचा आवाज बारीक केला, हाताच्या पाठीला ओठ लावून उंदरासारखं चिरकं चुंचुं काढलं. ठिपक्याला कान फुटले, शेपूट फुटलं. मग तो वळसा सुरू झाला, वाऱ्याखाली, अगदी सांगितल्याबरहुकूम. आणखी दहा पावलं गेला असता तर त्याला आमचा वास लागला असता.

तेवढ्यात माझ्या शेजारचा माणूस भुंकला. एकदाच, छातीतून, वुफ्.

कायोटी थांबला. पुढचा एक पाय उचललेला, कान आमच्याकडे, कुणी नावाने हाक मारावी तसा. एवढ्या दिवसात बाकी सगळं यंत्राचं होतं. ते चुंचुं आणि हे भुंकणं तेवढं माणसाचं.

बंदूक वाजली. शेपटी गरगरतच होती आणि ससा रडत होता. जाड हातमोजा काढून रिमोटवरचं बटण सापडेपर्यंत तो रडतच राहिला.