जोत्याखालची वाट

आंबिवलीच्या आमच्या घरात पोटमाळ्यावर जायला शिडी होती, पण जोत्याखाली शिरायला २०२१ पर्यंत वाट नव्हती. खरं तर ती हवी असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आपल्याकडे घराखाली पोकळी ठेवतच नाहीत. काळ्या दगडाचं जोतं उचलायचं, आत मुरूम भरून पाणी मारायचं, धुम्मस चालवायचा आणि वर शहाबादी फरशी बसवायची. १९६८ साली आजोबांनी पुढच्या दोन खोल्यांत हेच केलं. मागची जमीन मात्र ओढ्याकडे उतरती, तिथं जोतं साडेतीन फुटांवर गेलं. तेवढ्या मुरमाच्या गाड्या परवडेनात. मग कल्याणच्या भंगारातून जुन्या रुळांचे तुकडे आणले, ते भिंतींवर आडवे टाकले, त्यांवर जाड लाद्या अंथरल्या आणि वर कोबा केला. खालची पोकळी तशीच राहिली. मात्र आजोबांनी समोरासमोरच्या भिंतींत वीटभर रुंदीचे चार झरोके ठेवले. मांजर त्यातून आत जाऊन व्यायची.

पुढच्या सगळ्या वर्षांचा हिशेब या चार झरोक्यांचाच आहे. ऐंशीच्या दशकात एका झरोक्यातून धामण बाहेर आली. आत्याच्या किंकाळीने अर्धी आळी गोळा झाली आणि संध्याकाळपर्यंत दोन झरोके विटा-सिमेंटने बंद झाले. तिसरा नव्या न्हाणीघराच्या भिंतीमागे गेला. चौथ्याची पाळी २६ जुलै २००५ नंतर आली. सांताक्रुझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. उल्हास आणि काळू नद्यांच्या मधल्या आम्हाला आठवतो तो मागच्या खोलीतला गुडघाभर गाळ. वडिलांनी चौथा झरोका लिंपून टाकला, पुन्हा पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी जमिनीतूनच वर चढत होतं, झरोका बुजवून ते थांबणार नव्हतं. उलट आत शिरलेला ओलावा आता तिथंच कोंडला गेला.

त्यानंतर गावाचेच दिवस फिरले. २००९ मध्ये मोहोन्याचा एनआरसी कारखाना बंद पडला आणि भागातल्या अनेक घरांची डागडुजी लांबणीवर गेली. आमच्या घराचीही गेली. मधल्या काळात समोरचा रस्ता दोनदा उंच झाला, अंगण त्याच्याखाली गेलं. मागच्या खोलीत कपाटाचं दार आपोआप उघडू लागलं. आम्ही पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचो. दर पावसाळ्यात घडी जाड होत गेली.

स्वयंपाकघर मागे हलवायचं ठरलं तेव्हा पुठ्ठ्याची सोय संपली. एका ठेकेदाराने सगळी फरशी फोडून पोकळीत डेब्रिज भरायचा सल्ला दिला. म्हातारे मिस्त्री मात्र पहारीच्या टोकाने लाद्या ठोकत फिरले आणि म्हणाले, "आधी खाली बघू तरी, साहेब. न बघता भरलं तर रोग आतच राहील."

प्रश्न होता शिरायचं कुठून. वरून लादी काढली तर रुळांवरचा भार हलणार. म्हणून मागच्या भिंतीतून जायचं ठरलं. जागा मिस्त्रींनी नक्की केली: कोपऱ्यापासून तीन फूट दूर, खिडकीच्या बाजूला आणि दोन रुळांच्या मधोमध, म्हणजे कुठल्याही रुळाचं टोक भोकाच्या डोक्यावर येणार नाही. जोत्याची भिंत दीड फूट जाड. तिच्यात सरळ भोक पाडायचं नाही. आधी बाहेरच्या अर्ध्या जाडीत आडवी खाच, तिच्यात काँक्रीटची तुळई. ती घट्ट झाल्यावर आतल्या अर्ध्या जाडीत दुसरी. मगच खालचा दगड काढायचा. आम्हाला भोक एका दिवसात हवं होतं. मिस्त्रींनी दोन आठवडे घेतले.

भोक पडल्यावर एक दिवस पंखा लावून ठेवला, कोंदट हवा बाहेर काढली, मगच त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन आत सरपटला. "इथं रूळ पापुद्र्यांसारखे सुटलेत," एवढंच ऐकू आलं. मग शिव्या. मोरीचा जुना पाईप फुटून कित्येक वर्षं आतच सांडत होता. भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेषा कोरडी, स्पष्ट दिसत होती. खाली वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि गाळाचा थर.

रूळ पूर्ण खाल्लेले नव्हते, हे नशीब. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारलं, मधे विटांचे तीन खांब उभारले. पाईप बाहेरून फिरवला. न्हाणीघरामागे गेलेला झरोका सोडून बाकीचे तीन पुन्हा उघडले, लोखंडी जाळीसकट. आत्या आता नव्वदीच्या घरात आहे. तिने जाळी दोनदा हाताने ओढून पाहिली.

वाटेला दोन फूट बाय पावणेदोन फुटांचं लोखंडी दार आहे. दर वर्षी मृगाच्या आधी कुणीतरी आत जाऊन यायचं ठरलंय. पहिल्या वर्षी धाकटा भाचा सहज शिरला. तो आता बारावीत आहे आणि जिमला जातो. गेल्या जूनमध्ये खांद्यापर्यंतच गेला आणि तिथूनच, "सगळं ठीक आहे," म्हणाला.